चार शतांश एकर

अनुदान म्हणायचं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.
म्हणायचं, प्रोग्रॅमचे पैसे.
किंवा नुसतंच, "ते आलं का?"
हॅस्केट काउंटीत "ते" म्हणजे काय
हे कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

एकवीस वर्षं मी या खिडकीमागे बसते.
समोर विमानातून काढलेले शेतांचे फोटो,
फिरत्या नळांनी आखलेली हिरवी वर्तुळं,
जणू कुणी ओले पेले ठेवून उठून गेलंय.
माणसं येतात, टोपी काढतात, पेन्सिलीने दाखवतात:
इथे गहू, इथे ज्वारी (ती इकडे गुरं खातात),
इथे काही नाही, गारपीट.
मी एकर लिहिते. एकरांचे डॉलर मशीन करतं.
मग थोडं वाऱ्याबद्दल बोलणं होतं.

कुणाला किती, मला पाठ आहे,
म्हणून चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा
हल्ली जरा उशिरा भरते.
पाद्री फुकट खाणाऱ्यांवर बोलतात,
शहरातल्या, अर्थातच,
आणि पुढच्या चार रांगा माना डोलावतात.
मी रांगेगणिक बेरीज करते.
देवा माफ कर, सवय लागलीय.

गेलन ओक्सनरच्या शेतीत सहा भागीदार.
एक बायको. एक फिनिक्सचा दातांचा डॉक्टर.
एक नात, व्यवस्थापनात सक्रिय, असं कागद म्हणतो,
अठरा पूर्ण, मागच्या मंगळवारी.
सगळं नियमात बसतं.
नियम ऐसपैस आहेत, बसायला जागा भरपूर.
मी शिक्का मारला. हात थरथरला वगैरे नाही.

मग जानेवारीत वेंडेल क्रेबिल आला.
वय एक्याऐंशी, बूट दाराबाहेर झटकून.
टेबलावर एक डॉलर सदतीस सेंट मांडले,
नाणी मोठ्याकडून लहानाकडे.
"हे परत घ्या. पूर्वेच्या तुकड्यात
चार शतांश एकर मी पेरलंच नव्हतं.
सही मात्र पेरलं म्हणून केली."

का नाही पेरलं?
तो खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिला.
तिथे एक ट्रक होता, त्याचाच.
"टिटवी होती. चार अंडी, उघड्यावर.
पंख मोडल्याचं सोंग करत
ट्रॅक्टरपुढे लंगडत राहिली."
आणि लगेच, घाईने,
"नाही, तसंही तिथे वळताना
पेरणीयंत्र उचलावंच लागतं."

पैसे परत करायचा फॉर्म आहे. तीन पानी.
कारणांना आकडे दिलेत:
मोजणीची चूक, मृत्यू, फसवणूक, इतर.
"इतर"ला जोडपत्र लागतं.
राज्याच्या ऑफिसला फोन लावला.
तिथली मुलगी हसली. म्हणाली,
पाच डॉलरच्या आतलं आम्ही बघतच नाही, सोडून द्या.
मी त्याला तसं सांगितलं.
"तुम्ही बघत नाही, ते ठीक," म्हणाला
आणि बसून राहिला,
टोपी गुडघ्यावर, दुपारचे अडीच वाजेपर्यंत.

शेवटी मोजणीची चूक लिहिली,
जी झालीच नव्हती.
म्हणजे वेंडेलच्या खरेपणापायी
खोटं मला लिहावं लागलं, तीन प्रतींत.

पावती त्याने टोपीच्या आतल्या पट्टीत खोचली.
दारात थांबून विचारलं,
ओक्सनरची नात कॉलेजला गेली म्हणे, बरी आहे ना?
बरी आहे, मी म्हटलं.

आता त्याच्या शेताच्या फोटोत, पूर्वेकडच्या कडेला,
माझ्या पेन्सिलीचा एक ठिपका आहे.
माझ्यानंतर येईल तो
डाग समजून खोडेल.